दाराजवळचा पंख

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
नमस्कार.

तुझं पत्र केव्हाच पोचलं होतं. उत्तर लिहायला बसले की पहिली ओळ व्हायची, मग उठून स्वयंपाकघरात जायचं आणि घासलेलीच भांडी परत घासायची. आज मात्र लिहितेच.

चौकशीचा निकाल आला. वैमानिकाने विमान जोरात वर खेचलं, पंखावर नको एवढा ताण आला आणि तो मोडला, असं लिहिलंय. म्हणजे चूक ह्यांची. जो माणूस जिन्याच्या दोन पायऱ्या कधी एकदम चढला नाही, त्याने म्हणे विमान जोरात खेचलं. मी तिथे गेले होते तेव्हा डाव्या बाजूला नुसती राख होती. उजव्या पंखाचा सांगाडा तेवढा मोडक्या छत्रीसारखा उरला होता. तेवढं बघून परत फिरले.

पण दादा, आता रडणं त्याचं नाही. चिंगीला हा निकाल पटलाय. म्हणते, "आई, बाबा थकले होते, चूक झाली, विमानाला नावं ठेवू नकोस." आणि ह्यांच्या फ्लाइंग क्लबात जे दुसरं विमान आहे, ह्यांच्या विमानाचं जुळं भावंडच ते, त्यात ती पुढच्या महिन्यात बसणार. शिकवायला शेजारी सर असतील. सर म्हणजे ह्यांचे दोस्त. आपल्या घरात येऊन स्वतःच्या हाताने चहात साखर घालून घेणारा माणूस, त्यांना वाईट कसं म्हणू? पण त्यांनाही निकाल पटलाय.

तू सगळं आयुष्य विमानांचे पंख बांधण्यात घालवलंस. दोनच ओळी लिही की हे विमान वाईट आहे. माझं ती ऐकत नाही. मामाचं ऐकेल.

तुझी,
ठकी


१९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी तू ठकीच. रागावू नकोस. आणि फोन करू नकोस. रिव्हेटच्या हातोड्यांनी माझे कान कधीच नेले. फोनवर तू रडलीस तरी मला वाटतं, जेवलास का म्हणून विचारतेय, आणि मी सांगत बसतो काय जेवलो ते. गुडघ्याने दगा दिला नसता तर उठून आलो असतो. दाजी गेले तेव्हाही येता आलं नाही. ते माझ्या उरावर बसलंय, कसं उतरायचं कळत नाही.

तू म्हणतेस दोन ओळी लिही. न बघता वाईट कसं म्हणू गं? आजवर ज्या पंखात माझा हात गेला नाही, त्याला मी चांगलंही म्हटलेलं नाही आणि वाईटही. शिवाय तुला मी ओळखतो. शाळा बुडवायची असली की तुझं पोट दुखायचं. आई घाबरायची, बाबा डॉक्टर बोलवायला निघायचे. मी येऊन पोटावर हात ठेवला की तुला हसू फुटायचं आणि दप्तर उचलावं लागायचं. तेव्हा ह्या वेळी आधी पोटावर हात ठेवू, मग बोलू. फक्त हात तुझा, नजर माझी.

नीट वाच. अशी विमानं बाहेरून सारखीच. फरक कापडाच्या आत. प्रत्येक पंखात खांद्यापासून टोकापर्यंत लांबलचक वासे असतात, सगळा भार त्यांच्यावर. त्यांना आडव्या फासळ्या. वरून कापड ताणून रंगवलेलं. जुन्या जातीच्या पंखात वासा लाकडाचा, फासळ्या त्याला बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या, आणि कापड फासळ्यांना मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेलं. नव्या जातीत वासा धातूचा, आणि कापड बसवलेलं छोट्या स्क्रूंनी.

हात फिरव. शिवलेल्या पंखावर पट्टीखाली गाठी लागतात, गोधडीवर लागाव्यात तशा. स्क्रूच्या पंखावर गोल टिकल्यांची रांग लागते. मग वासा असतो तिथे बोटाच्या पेराने टकटक कर. लाकूड ठप्प म्हणतं, धातू टण्ण म्हणतो. मग पंखाच्या पोटाशी गोल झाकण असेल ते उघड, आरसा घाल, बॅटरी मार. खालून येणारा तिरका टेकू जिथे वाशाला भिडतो, तिथे बघ. लाकूड असेल आणि त्याच्या रेषांना आडवी, पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ दिसली, तर समज तो वासा आतून मेलाय. मग त्यात कोणालाही बसू देऊ नकोस, दारात आडवी पड.

पण तसं काही दिसायचं नाही. क्लबाच्या कागदांवर दोन्ही विमानं धातूच्या वाशांची आहेत, दाजींनीच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. धातू लाकडासारखा गुपचूप दुखणं काढत नाही. बघून ये आणि खरं ते लिही.

तुझा,
दादा


२७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
नमस्कार.

गेले होते. एकटीच. क्लबाचा राखणदार ह्यांना मानायचा, त्याने काही विचारलं नाही. पुढच्या मोठ्या दाराला कुलूप होतं, म्हणून बाजूच्या छोट्या दाराने आत सोडलं. त्या दारातून शिरलं की पंखच डोक्याला लागतो. दुसऱ्या पंखापर्यंत जाता येत नाही, तिकडे भिंतीपर्यंत रिकामी पिंपं रचलीत. आत अंधार आणि पेट्रोलचा वास. ह्यांच्या शर्टाला यायचा तो.

मग तू सांगितलंस तसं केलं. दाराजवळच्या पंखावर हात फिरवला. गाठी लागल्या दादा. रांगेने गाठी. टकटक केली तर ठप्प आवाज आला, आपल्या जुन्या कपाटाला मारावं तसा. नाण्याने झाकण उघडलं. माझ्या पावडरच्या डबीचा आरसा घातला. आत पिवळसर लाकूड आहे. आणि टेकूपाशी, लाकडाच्या रेषांना आडवी, पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ आहे. अगदी तू लिहिलीस तशी.

मी हात बाहेर काढला. झाकण कसंबसं लावलं.

आता लिही. चिंगीच्या नावाने लिही.

तुझी,
ठकी


५ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. गाठी, ठप्प, पिवळसर लाकूड, पेन्सिलीची रेघ. मी लिहिलेलं सगळं जसंच्या तसं परत आलं. शिक्षकाने फळ्यावर लिहावं आणि पोराने तेच वहीत उतरवून दाखवावं, तसं.

रागावू नकोस. पोरीच्या काळजीने माणूस काय काय बघतो. अंधार, एकटी तू, त्यांच्या शर्टाचा वास. आणि मी मूर्खाने आधीच सांगून ठेवलेलं की काय दिसलं तर विमान बंद पडेल. ते दिसणारच मग.

एक कर. परत जा, पण दिवसाउजेडी आणि सोबत कोणाला तरी घेऊन. चिंगीलाच ने. बॅटरी तिच्या हातात दे आणि तू बघ. तिलाही बघू दे. दोघींनी मिळून जे बघाल ते लिही, मी ते मानीन. तोवर ती जमिनीवरच राहील एवढं बघ. माझी शपथ घाल हवी तर.

तुझा,
दादा


१३ मार्च

दादा,

चिंगीला घेऊन गेले. ती कटकट करतच आली. "आई, तुला पंखातलं काय कळतं? तू आजवर पंखा पण नीट पुसला नाहीस." राखणदार हसला. मीही हसले, म्हटलं आत गेल्यावर बघू कोण हसतंय.

त्याच छोट्या दाराने गेलो. तोच दाराजवळचा पंख. मी म्हटलं, "ह्याच्यावर हात फिरव." तिने फिरवला. म्हणाली, "मग?" मी फिरवला. दादा, गाठी नव्हत्या. टिकल्या होत्या, गोल गोल, रांगेने. टकटक केली तर टण्ण. झाकण उघडलं. आत सगळा चकचकीत धातू, लाकडाचा तुकडा नाही. रेघ कुठली असणार?

मी परत परत आरसा फिरवत राहिले. चिंगीने बॅटरी बंद केली आणि म्हणाली, "आई, पुरे आता." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. घरी येईपर्यंत माझा हात धरून होती, आजारी माणसाचा धरावा तसा.

मला दिसलं होतं दादा. शपथेवर सांगते. त्याच दाराजवळ, त्याच पंखात. मला वेड लागलंय का? तू सांग. तू सांगशील ते मी मानीन.

ठकी


२० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वेडबीड काही लागलं नाही. तुझं पोट दुखलं, एवढंच. पहिल्यांदा एकटी होतीस तेव्हा दुखलं, दुसऱ्यांदा पोरीने हात ठेवला तेव्हा थांबलं. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि मला तुझा जरासुद्धा राग आला नाही. आईची जात आहे, ती पोरीला वाचवायला पंखसुद्धा लाकडाचा करील.

तुला वाटू नये की दादाने विचारच केला नाही, म्हणून सांगतो. क्षणभर मनात आलं, की विमानाचा एक पंख लाकडी आणि एक धातूचा असेल का? आणि माझं मलाच हसू आलं. आमच्या शेडमध्ये पंख बदलायचा तर जोडीने. एक धडका असला तरी तोही उतरवायचा. आमचे वस्ताद विचारायचे, "एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून लग्नाला जाल का रे?" जन्मभर मी असं विमान पाहिलं नाही. आणि तू तर म्हणतेस, पंखही तोच, दारही तेच. मग तर प्रश्नच मिटला.

ठके, दाजी गेले. त्यांची चूक होती की नव्हती, मी सांगू शकत नाही. पण तू पोरीला किती दिवस जमिनीला बांधून ठेवणार? तिच्या बापाने तिला खांद्यावर बसवून विमानं दाखवली. ती उडणारच. तू भांडून उडालेली बघशील की हसून, एवढंच तुझ्या हातात आहे.

सोबत चिंगीसाठी चिठ्ठी जोडतोय. तिला दे. सरांनाही दाखव म्हणावं.

तुझा,
दादा

(चिठ्ठी)
चि. चिंगीस, आशीर्वाद. तू आणि आई मिळून जे पाहिलं त्यावरून पंख धातूच्या वाशांचे आहेत. त्यात मला काही खोट दिसत नाही. टेकूचे बोल्ट सरांकडून एकदा तपासून घे आणि खुशाल जा. आईवर चिडू नकोस. वर गेलीस की मामाच्या नावाने एक गिरकी घे. — मामा


११ एप्रिल

दादा,

सर गेले.

चिंगी घरात आहे. आतल्या खोलीत झोपलीय, म्हणजे पडलीय. आधी हे लिहिते, म्हणजे तुझा जीव अडकायचा नाही.

आता सगळं सांगते. तू मधे काही बोलू शकत नाहीस ते बरं आहे.

ज्या दिवशी उडायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी चिंगी स्वेटर विसरून क्लबात गेली. मी तो द्यायला गेले. तुझी चिठ्ठी मी तिला दिली होती दादा, तुझं म्हणणं मानलं होतं. मनाशी ठरवलं होतं की आता हसायचं. शेडचं मोठं दार उघडं होतं. दोन माणसांनी विमानाचं शेपूट उचललं आणि खाट फिरवावी तसं अख्खं विमान जागच्या जागी फिरवलं. नाक आतल्या भिंतीकडे होतं ते बाहेर आलं. आणि जो पंख पिंपांकडे होता तो छोट्या दाराजवळ येऊन थांबला.

मी तिथेच उभी राहिले. दार तेच होतं दादा. पंख तो नव्हता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विमानाचं नाक बाहेर असणार, चिंगीबरोबर गेले तेव्हा आत. मला कशी अक्कल नाही आली? अंधारात मी फक्त वर बघत होते. पंखाला नाक असतं का, कुठे असतं, मला काय माहीत!

धावत गेले. हात फिरवला. गाठी. त्याच गाठी.

सरांना म्हटलं, "उजवा पंख लाकडाचा आहे. आत मोडलाय. हात तर लावून बघा." ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या दादांनीच लिहून दिलंय की." आणि खिशातून तुझी चिठ्ठी काढून हलवून दाखवली. हसून. वाईट हसणं नाही, आपल्या माणसाचं हसणं. चिंगी खाली मान घालून म्हणाली, "आई, मामाला पण खोटं पाडणार का आता?" मी म्हटलं झाकण उघडा. सर म्हणाले, "सकाळी उघडतो, आत्ता उजेड नाही, तुम्ही घरी जाऊन झोपा." त्यांनी उघडलं का, मला माहीत नाही. बहुतेक नाही.

सकाळी चिंगी बूट घालत होती. मी दारात आडवी पडले नाही दादा. तू सांगितलं होतंस तसं नाही केलं, कारण ती मला ओलांडून गेली असती. मी छाती धरून खाली बसले. म्हटलं, दुखतंय. घाम आला म्हटलं. डावा हात बधिर झाला म्हटलं. शेजारच्या बाईंच्या वेळी असंच झालं होतं, ते ऐकलं होतं ते सगळं म्हटलं. तिने बूट काढले. क्लबात फोन केला, की आईला बरं नाही, मी येत नाही.

मला वाटलं, पोरगी नाही म्हटल्यावर ते विमान बाहेर काढणारच नाहीत. सर म्हणाले म्हणे, इंजिन गरम झालंय, मी एकटाच एक चक्कर मारून येतो.

उजवा पंख गेला. शेतात पडले. ह्या वेळी आग लागली नाही, त्यामुळे लाकूड सगळ्यांना दिसलं.

खरं लिहिलं ते तुला खोटं वाटलं. खरं बोलले ते त्यांना हसू आलं. खोटं बोलले, तेवढं मात्र पटलं.

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. पण टोचलं तर टोचू दे.

ठकी


१७ एप्रिल

ठके,

पत्र पोचलं. त्या दिवसापासून तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसलोय.

तुझ्या पहिल्याच पत्रात आहे. डाव्या बाजूला नुसती राख, उजव्याचा सांगाडा उरला. एका विमानाचा एक पंख राख आणि दुसरा सांगाडा! धातू जळला तर वितळतो, त्याचे गोळे होतात, पत्रे वाकतात. त्याची राख होत नाही. राख लाकडाची होते. नवशिक्या पोरालाही मी हे पहिल्या आठवड्यात शिकवलं असतं. मी ते वाचलं आणि तू रडत असशील म्हणून हळहळलो. पंखाचं वाचलंच नाही.

तू न कळता डोळ्यांनी बघत होतीस आणि मी सगळं कळून तुझ्या पोटावर हात ठेवत होतो.

जोडीने बदलतात हे आमच्या शेडमध्ये. जगात नाही. एवढं समजायला मला सरांचा जीव लागला.

मी येतोय. गुडघा राहू दे तसाच, शेजाऱ्याचा मुलगा गाडीत बसवून देईल. चौकशीवाल्यांना सांगीन की चिठ्ठी माझी आहे, न बघता लिहिलेली आहे. सरांच्या घरी जायचं आहे. तिथे काय बोलायचं ते सुचत नाही. न बोलता बसता आलं तर बसेन.

तुझा,
दादा


२५ एप्रिल

तीर्थरूप दादास,
नमस्कार.

ये. पण आधी हे वाचून ये.

चौकशीवाल्यांनी राखणदाराकडून सगळं काढलं. आम्ही इथे राहायला येण्याच्या आधी कधीतरी वादळात शेडचं छप्पर पडलं आणि दोन्ही विमानांचा एकेक पंख मोडला. तेव्हा मोडीत काढलेलं एक तिसरं, जुनं विमान पडून होतं, लाकडी पंखांचं. त्याचा डावा पंख ह्यांच्या विमानाला लावला, उजवा आता पडलेल्या ह्या विमानाला. कागद कोणी बदलले नाहीत. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांच्या नावावरची चूक आता काढणार म्हणतात. ते ऐकण्यासाठी मी काय काय केलं असतं! ऐकलं, आणि उठून कपडे वाळत घातले.

तुझी चिठ्ठी चौकशीवाल्यांकडे नाही. सरांच्या बायकोला त्यांच्या कोटात सापडली. ती स्वतः येऊन देऊन गेली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. मी घेतली आणि फाडली नाही, तू येशील तेव्हा तुझी तुला देईन. तिच्याकडे जा. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

आता मुख्य. चिंगी समजते की मला खरंच झटका आला होता. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, जपा, आणि गोळ्या लिहून दिल्या. ती वेळेवर गोळी देते, जिना चढू देत नाही, बादली उचलू देत नाही. उडायचं नाव काढत नाही, कारण आईला सोसणार नाही. तिला खरं कळलं, तर ती परत जाईल दादा. ती म्हणेल, वाईट तो पंख होता, सगळी विमानं नव्हेत. आणि तिचं खरंच असेल. पण माझ्यात आता खरं ऐकायची ताकद नाही.

म्हणून मला आता आजारी राहायला हवं. किती दिवस, ते ठाऊक नाही. सवय होतेय.

माझी पोटदुखी ओळखणारा तू एकटाच उरलास. येशील तेव्हा तिच्यासमोर हात ठेवू नकोस. मला हसू फुटायचं नाही आता, पण तरी नको.

तुझी,
ठकी


२६ एप्रिल

मामा,

हे पत्र आईला न सांगता टाकतेय. तू येणार आहेस म्हणे. त्याआधी तुला मिळावं.

आईबरोबर पंख बघायला गेले तेव्हा विमान फिरवलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. इंजिन तपासायला बाहेर काढलेलं, मीच ढकलत आत घेतलं होतं, नाक आधी. आई त्याआधी केव्हातरी येऊन गेली होती हे तिने सांगितलं होतं. कधी आली होतीस, एवढंच मी विचारलं असतं, तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी बॅटरी बंद केली.

दुसरं. त्या सकाळी आईच्या छातीत काही दुखत नव्हतं. तिने छाती धरली, पण बसताना साडी सावरून बसली. मी पाणी दिलं तर पेला घट्ट धरून सगळं प्यायली. मला तेव्हाच कळलं. मी चिडून निघणारच होते. मग तिने वर बघितलं. बाबा गेल्याचं सांगायला सर आले होते तेव्हाही ती असं बघत नव्हती. मी बूट काढले. तिचं म्हणणं पटलं म्हणून नाही. ते डोळे बघून जाता येईना म्हणून.

आणि फोनवर सरांना मी म्हटलं, आईला बरं नाही. एवढंच म्हटलं. "सर, ती एवढी घाबरलीय, जरा झाकण उघडून बघा ना," हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. लाज वाटली. सर हसतील असं वाटलं. म्हणून गिळलं.

मी शेतात जाऊन तो पंख बघितला. कापड फाटलं होतं, तिथून बघितलं. टेकूपाशी. रेघेच्या अर्ध्या भागातलं लाकूड काळपट पडलं होतं, अर्ध्यातलं ताजं. म्हणजे अर्धं कधीचं मोडलेलं. आईच्या पावडरच्या आरशात जेवढं दिसलं असेल तेवढं.

आईला हे सांगू नकोस. तिला वाटू दे की तिचं खोटं मला पटलं. नाहीतर ती विचारेल, मग सरांना का नाही थांबवलंस? आणि ते मला विचारणारं अजून तरी घरात कोणी नाही. रोज सकाळी मी विचारते, दुखतंय का? ती म्हणते, थोडं. मग मी गोळी देते. गोळी साधी शक्तीची आहे, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

ये लवकर. आमच्या दोघींत बोलायला आता कोणीतरी तिसरं लागतं.

चिंगी


३ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या गाडीने निघतोय. सामान थोडंच आहे. उतरवून घ्यायला चिंगी आली तर बरं, तू येऊ नकोस, तुला जिना चढउतार सोसायचा नाही. आधी सरांच्या घरी जाईन, मग तुझ्याकडे. माझी चिठ्ठी तयार ठेव. चौकशीवाल्यांना ती माझ्या हाताने देईन.

चिंगीचं पत्र आलं होतं. खुशालीचं. तुझी खूप काळजी करते, तुला किती जपते त्याचंच सगळं लिहिलंय.

हात ठेवणार नाही. निर्धास्त राहा. छाती सांभाळ आणि पोरगी देते ती गोळी चुकवू नकोस.

तुझा,
दादा